बंबाच्या पोटातून गिटारीच्या कमरेपर्यंत

मी एक जुनी तांब्याची नळी आहे, मित्रांनो. नळी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे पाण्याच्या नळाची बारीक नळी आली असेल, तर ती आधी पुसून टाका. माझ्या पोटात तुमची मूठ सहज जाईल. अंगाने मी काळपट आहे, एका बाजूने चेपलेली आहे आणि दोन्ही टोकांना उघडी आहे. पहिल्या भेटीत मी कुणाला आवडत नाही. मलाही पहिल्या भेटीत फारसं कुणी आवडत नाही, तेव्हा फिट्टंफाट.

माझा जन्म पुण्याच्या तांबट आळीतला. ठोक ठोक ठोक या आवाजाशिवाय बालपणाचं मला काही आठवत नाही. तांब्याचा पत्रा गुंडाळून, सांधून मला घडवलं आणि एका बंबाच्या मधोमध उभं केलं. हल्लीच्या मुलांना बंब म्हटलं की आग विझवायला धावणारा लाल बंब आठवतो. आमचा बंब निराळा. तो घरात आंघोळीचं पाणी तापवायचा. मधल्या नळीत निखारे आणि ढलप्या टाकायच्या, भोवतीच्या पोटात पाणी भरायचं आणि थोड्या वेळाने तोटी सोडायची. ती मधली नळी म्हणजे मी.

नारायण पेठेतल्या एका घराच्या न्हाणीत मी बरीच वर्षं काढली. दिवाळी आली की बंबाला चिंचेने घासून लख्ख करायचे, त्याला हळदकुंकू लावायचे. पाहुणे म्हणायचे, "वा! काय झळकतोय बंब!" झळकायचं बंबाने आणि भाजायचं मी, असा आमच्यात करार होता. मला कुणी विचारलं नव्हतं, पण पुण्यात तशी पद्धतही नाही. तरी खरं सांगते, थंडीच्या सकाळी पोरं कुडकुडत न्हाणीत यायची आणि पहिला तांब्या अंगावर पडला की 'हाऽऽ' करायची, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

मग एक्क्याण्णव-ब्याण्णवचा सुमार आला. देशाची दारं-खिडक्या उघडली म्हणे. उघडलेल्या दारांतून नव्या वस्तू आत येऊ लागल्या, आणि जागा करून द्यायला जुन्या वस्तू बाहेर जाऊ लागल्या. आमच्या न्हाणीत भिंतीवर पांढरा शुभ्र गीझर लागला. बंब मोडीत निघाला. त्याचं पोट वितळायला गेलं. मी सांध्यातून निखळले होते, म्हणून वाचले, आणि जुन्या बाजारात एका गोणपाटावर येऊन पडले. एका बाजूला शिलाई मशीनचं चाक, दुसऱ्या बाजूला बिनकाट्यांचं घड्याळ. येणारेजाणारे मला पायाने ढकलून बघायचे.

तिथे मला नागोराव भेटले. यवतमाळकडून तरुणपणीच पुण्यात आलेले हे सुतार. भोसरीच्या एका कारखान्यात लाकडी साचे बनवायचे. कारखान्यात नवी यंत्रं आली, साचे बंद झाले, तेव्हा त्यांनी गिटारीचं काम धरलं. सुरुवात झाली ती एका कॉलेजच्या पोराची मोडकी गिटार जोडण्यापासून. ती जोडताना त्यांनी तिला आतून नीट पाहिलं आणि त्यांच्या मनाने घेतलं, की ही वस्तू आपल्याला करता येईल. जुन्या बाजारात त्यांनी मला उचललं, नखाने वाजवलं, आत हात घालून पाहिला.

"हिनं लय जाळ सोसला आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "हिच्यानं आपलं काम होते."

मला घेऊन ते परत नारायण पेठेतच आले. बुक बायंडिंगवाल्यांच्या मागच्या बाजूला, पत्र्याच्या छपराची एक खोली, तेच त्यांचं वर्कशॉप, आणि आतल्या अंगाला त्यांचं घर. तिथे त्यांनी मला शिकंज्यात धरून दाबलं, म्हणून मी अशी अंड्यासारखी चपटी झाले. मग एका जाड फळकुटावर मला आडवं बसवलं, मागच्या टोकाला जाळी लावली आणि पोटात निखारे भरले. पुन्हा निखारे! मी म्हटलं, चला, ओळखीचं कुणीतरी भेटलं.

आता काम समजून घ्या. गिटारीला पुढची एक फळी असते, मागची एक असते आणि त्या दोघींना जोडणाऱ्या कडेच्या दोन पट्ट्या असतात. गिटारीची छाती, कंबर, पोट हे सगळं वळण त्या पट्ट्यांचं. त्या कापताना मात्र सरळसोट असतात. त्या ओल्या करायच्या, तापलेल्या नळीवर टेकवायच्या आणि हळूहळू दाबत वळवायच्या. ही ती नळी. पट्ट्या गळ्याकडे अरुंद आणि पोटाकडे रुंद कापलेल्या असतात, त्यामुळे दोघी एकमेकींच्या उलट बाजूंना वळवाव्या लागतात, तेव्हाच एक डावी होते आणि एक उजवी, अगदी चपलांसारख्या.

पहिल्याच पट्टीला नागोरावांनी घाई केली आणि ती काडकन मोडली. दुसरीही मोडली.

"लाकूडच बेकार आहे हे!" ते वैतागले.

त्यांच्या पत्नी मुक्ताई तिथेच दाराशी बसून तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "लाकूड बेकार नाही, तुमाले धीर नाही. सरका पाहू."

ताट बाजूला ठेवून त्या आल्या. ओल्या बोटांनी माझ्या अंगावर पाणी शिंपडलं. थेंब नाचला, तशी त्यांनी पट्टी माझ्यावर टेकवली आणि नुसत्या थांबल्या. जोर नाही, काही नाही. वाफ निघत राहिली. थोड्या वेळाने लाकूड आतून सैल झालं. ते मला कळलं आणि त्याच क्षणी मुक्ताईंनाही कळलं.

"हं, मानलं त्यानं," त्या म्हणाल्या आणि पट्टी वळली.

नागोराव बघतच राहिले. "तुले कसं समजलं?"

"तव्याले विचारून भाकर उलटत असते का कोणी?"

त्या दिवसापासून वळवायचं काम मुक्ताईंचं झालं. बाकी सगळं नागोरावांचं: कापणं, रंधणं, सरस लावणं, मान बसवणं, तारा चढवणं. वर्कशॉपमध्ये एक नियम आपोआप पडला. पट्टी नळीवर असताना कुणी बोलायचं नाही. गिऱ्हाईक आलं तरी दारात उभं राहायचं. पुण्यात गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवण्याचं कुणाला वावडं नाही, त्यामुळे हा नियम चटकन रुजला. वळवण्याआधी मुक्ताई दोन्ही पट्ट्यांच्या पुढच्या कडेला हळदीचं बोट ओढायच्या. हळद कुठल्या बाजूला ते पाहिलं की डावी कुठली आणि उजवी कुठली, याचा घोळ होत नसे.

ते माझ्या सुखाचे दिवस होते. नव्या गिटारी व्हायच्या, शिवाय दुरुस्तीला यायच्या त्या वेगळ्याच. कुणी स्कूटरवरून पाडलेली, कुणी माळ्यावर टाकून उन्हाळ्याने तडकलेली, एक तर भावाने बहिणीवर रागावून बसून मोडलेली. फुटलेल्या कडेला जोडायचा लाकडाचा लहानसा तुकडासुद्धा माझ्यावरच वळायचा. नागोराव दुरुस्त गिटार वाजवून परत द्यायचे आणि गिऱ्हाईक म्हणायचं, "नागोराव, तुमच्या हाताला जादू आहे." मुक्ताई तेव्हा आत भांडी घासत असायच्या. मला बंबाची आठवण व्हायची.

पुढे शहर बदललं. कोथरूडमध्ये सोसायट्या उठल्या. कॉम्प्युटरवर काम करणारी मुलंमुली गावोगावाहून आली, आणि संध्याकाळी त्यांतली निम्मी गिटारच्या क्लासला जाऊ लागली. मागणी वाढली. नागोरावांचा मुलगा तेजस तेव्हा इंजिनियरिंगला होता, हुशार आणि मनाने निर्मळ. आईचे भाजलेले हात त्याला बघवत नसत. त्याने बापाला एक पेटी करून दिली. पेटीत ओळीने मोठे बल्ब, वर गिटारीच्या आकाराचा साचा आणि स्टीलच्या लवचिक पत्र्याचे दोन पट्टे. लाकडाची पट्टी ओल्या कागदात आणि चांदीसारख्या कागदात गुंडाळायची, पत्र्यांच्या मधे ठेवायची, बल्ब लावायचे आणि वरून दाबत जायचं. चहा होईपर्यंत पट्टी तयार. प्रत्येक पट्टी अगदी सारखी.

"आई, आता तुला चटके नाहीत," तेजस म्हणाला.

"बरं झालं, बाबा," मुक्ताई म्हणाल्या. त्या थोडा वेळ पेटीपाशी उभ्या राहिल्या आणि मग आत गेल्या. विदर्भातून आलेल्या नोकरदार मुलांचे डबे त्यांनी सुरू केले. वर्कशॉपमध्ये त्या यायच्या, पण चहा द्यायला.

आणि मी? मला फळकुटावरून काढून दाराच्या कोपऱ्यात उभं केलं. माझ्यात छत्र्या ठेवू लागले. एक काळी, एक मोडकी, आणि एक कुणाची ते माहीत नसलेली. शिवाय एक केरसुणी. ज्या पोटात निखारे धगधगले, त्यात केरसुणी! मी मनातल्या मनात फार जळफळले, पण आत निखारे नसले की माझं कुणी ऐकत नाही.

अशात एके दिवशी एक गृहस्थ आले. पांढरा शर्ट, इस्त्री कडक, काखेत जुन्या चादरीत गुंडाळलेली एक फळी.

"नमस्कार. गिटारी बनवणारे नागोराव आपणच का?"

"हो जी. बसा ना."

ते अभय सर. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, कोथरूडला राहणारे. त्यांनी चादर सोडली. आतली फळी शिसवीची होती, पण खालच्या अंगाने वाळवीने चाळणी केलेली.

"माझी मुलगी मैत्री गिटार वाजवते," ते म्हणाले. "कंपनी तिला अमेरिकेला पाठवते आहे, काही वर्षांसाठी. तिला घरचं काहीतरी बरोबर द्यावं असं मनात आहे. घरात द्यावं असं एकच होतं, पुस्तकांचं कपाट. पण कपाट विमानात बसत नाही."

नागोराव हसले. अभय सर हसले नाहीत. त्यांनी फळीवरून हात फिरवला.

"आम्ही मूळचे लोणी काळभोरचे. माझे वडील धोंडिबा मजुरी करायचे. त्यांना अक्षर येत नव्हतं. छप्पनच्या दसऱ्याला ते नागपूरला दीक्षा घेऊन आले आणि आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट काय केली, तर सुताराकडून हे कपाट करून घेतलं. घरात पुस्तक एकच, माझं शाळेचं. गावातले लोक हसायचे. 'धोंडिबा, कपाटात काय जुंधळं भरतुयास?' वडील म्हणायचे, 'भरंल की माझं पोरगं.' मी भरलं ते. नोकरी लागल्यावर दर महिन्याला एक पुस्तक. गेल्या वर्षी वाळवी लागली. पुस्तकं वाचली, कपाट गेलं. ही वरच्या कप्प्याची फळी तेवढी राहिलीये."

दारात चहाचा कप घेऊन उभ्या असलेल्या मुक्ताईंनी हे सगळं ऐकलं. कोपऱ्यातून मीही ऐकलं.

नागोरावांनी फळी चिरली. आतूनही वाळवीने बरंच खाल्लं होतं. कडेला पुरतील अशा अखंड पट्ट्या दोनच निघाल्या. त्या त्यांनी हाताने रंधल्या, गळ्याकडे अरुंद, पोटाकडे रुंद अशा कापल्या. शिसवीच्या रेघा इतक्या सुरेख होत्या, की मला सुद्धा बघत राहावंसं वाटलं. पाठीला आणि पुढच्या फळीला दुसरं लाकूड घ्यायचं, पण गिटारीच्या अंगाभोवती धोंडिबांचं कपाट, असं ठरलं.

बुधवारी संध्याकाळी पहिली पट्टी पेटीत वळली. झकास वळली. दुसरी करेपर्यंत उशीर झाला, म्हणून ती राहिली. दुसऱ्या दिवशी गुरुवार. गुरुवारी आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज बंद असायची, हे तुमच्या आजीआजोबांना विचारा. बल्ब म्हटले की वीज आली. वीज नाही म्हणून पट्टी नाही. नागोराव दिवसभर दुसऱ्या कामात राहिले. शुक्रवारी त्यांनी दुसरी पट्टी कागदात गुंडाळली, पेटीत ठेवली, बल्ब लावले. हळदीच्या जागी ते आता पेन्सिलची खूण करत, आणि गुंडाळल्यावर ती कागदाखाली गेली. पहिली पट्टी कोणत्या बाजूने ठेवली होती, हे दोन दिवसांनी त्यांनी आठवणीवर सोडलं.

पट्टी निघाली. त्यांनी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि मुक्ताईंना हाक मारली.

दोन्ही डाव्या होत्या.

मुक्ताई धावत आल्या. "काय झालं?"

नागोरावांनी नुसतं बोट दाखवलं. मुक्ताईंनी एक पट्टी उचलली, उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली. डाव्या पायाच्या दोन चपला कशाही फिरवल्या तरी उजवा पाय अनवाणीच राहतो. कडा कापून त्या एकसारख्या करता आल्या असत्या, पण मग गिटारीचं पोट इतकं उथळ झालं असतं, की आवाज उरलाच नसता.

मग नागोराव हळूच म्हणाले, "माह्याजवळ शिसमाची एक फळी पडून आहे. तिची एक पट्टी काढतो. शिसम शिसमासारखंच दिसते. कोणाले समजते?"

"तुमाले समजते ना? मले समजते ना? मंग?"

"अवो, पोरगी चालली पंधरा-वीस दिसांत. तो माणूस किती आशेनं आला आहे! त्याले काय सांगू, तुह्या बापाच्या कपाटाचा सत्यानाश केला म्हणून?"

"हो, तेच सांगा," मुक्ताई म्हणाल्या. "ज्यानं पुस्तकं नसताना कपाट केलं, त्याच्या घरी आपण खोटं लाकूड धाडावं का?"

नागोरावांनी मान खाली घातली. वाईट माणूस नव्हता तो. चूक पोटात सलत असली की भल्या माणसालाही झाकण शोधावंसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी अभय सर काम पाहायला आले. नागोराव पट्ट्यांवरची धूळच झटकत राहिले, म्हणून मुक्ताईंनीच सगळं सांगितलं. काहीही राखून ठेवलं नाही. अभय सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. दोन्ही पट्ट्या हातात घेऊन पाहिल्या.

"शाळेत असंच व्हायचं," ते कोरड्या आवाजात म्हणाले. "हुशार मुलंच उत्तर बरोबर काढून दुसऱ्याच प्रश्नापुढे लिहायची."

मग त्यांनी पट्टीच्या वळणावरून बोट फिरवलं. आवाज जरा बदलला. "वाकलेलं परत सरळ होतं का?"

"होते," मुक्ताई म्हणाल्या. "पेटीत नाही होत, नळीवर होते. पहिले सरळ कराचं, मंग उलटं वळवाचं. पण एकदा वळलेलं लाकूड हट्टी असते. तुटूही शकते. तुमी म्हणाल तरच हात लावीन."

"तुटलं तर?"

"तर दुसरं नाही."

अभय सरांनी पट्टी त्यांच्या हातात दिली. "वडिलांनी कपाट केलं, तेव्हा मी शिकेनच अशी हमी त्यांना कुणी दिली नव्हती. लावा हात."

मग काय विचारता! छत्र्या निघाल्या, केरसुणी निघाली, एक झुरळही निघालं. मुक्ताईंनी मला चिंचेने घासलं. तेजसने कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून कोळसा आणला. नागोरावांनी फळकुट शोधून मला पुन्हा त्यावर बसवलं. पोटात निखारे पडले, आणि इतक्या दिवसांनी माझं अंग तापू लागलं. मित्रांनो, मी आयुष्यभर आगीशी खेळले, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा तापायची भीती वाटली. मी एखाद्या जागी जास्त तापले तर? चेपलेल्या जागी कमी तापले तर?

मुक्ताईंनी पाणी शिंपडलं. थेंब नाचला. सगळे गप्प झाले. अभय सर भिंतीजवळच्या स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसले.

आधी पोटाचं वळण. मुक्ताईंनी पट्टी माझ्यावर उलट्या अंगाने टेकवली आणि थांबल्या. लाकूड ऐकेना. त्यांनी पाणी लावलं, पुन्हा थांबल्या. वाफ निघाली. हळूहळू वळण उतरलं, जसा रुसलेल्या माणसाचा राग उतरतो. मग छातीचं वळण उतरलं. उरली कंबर. तिथे लाकूड सगळ्यांत जास्त मुडपलेलं असतं.

कंबर माझ्या अरुंद अंगावर आली. मुक्ताईंच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्यांनी अगदी थोडा, केसभर जोर दिला.

टिक्.

सगळ्यांनी ऐकलं. शिसवीवर एक बारीक रेघ उमटली. हात सोडला असता, तर पट्टी उसळून तिथेच दोन तुकडे झाली असती. मुक्ताईंनी हात सोडला नाही. बोटं भाजत होती, मला ती जाणवत होती, आणि मला मागे सरता येत नव्हतं. नागोराव पुढे झाले, पण काय करावं त्यांना सुचेना. तेवढ्यात तेजसने आपल्या पेटीतला स्टीलचा लवचिक पट्टा ओढून काढला आणि आईच्या बोटांखाली, लाकडाच्या पाठीशी सरकवला. रेघेला मागून आधार मिळाला. नागोरावांनी आपले दोन्ही तळवे मुक्ताईंच्या हातांवर ठेवले. कुणी काही बोललं नाही, नियम होता ना.

मला वाटतं, मीही तेव्हा जितकं नीट तापता येतं तितकं तापले. एरवी मी त्या पेटीवर जळायचे, पण त्या घटकेला तिच्या पत्र्याला मी मनापासून दुवा दिला.

मग लाकूड सैल झालं. मला कळलं. मुक्ताईंना कळलं.

"मानलं त्यानं," त्या पुटपुटल्या. पट्टी सरळ झाली, आणि त्याच ओघात त्यांनी तिला पलीकडे वळवलं. कंबर, छाती, पोट. संध्याकाळी साच्यात दोन पट्ट्या समोरासमोर बसल्या, एक डावी आणि एक उजवी. अभय सर स्टुलावरून उठले, तेव्हा त्यांचा पाय बधिर झाला होता. त्यांनी मुक्ताईंना हात जोडले आणि ते निघून गेले.

पुढचं काम नागोरावांनी जीव ओतून केलं. रेघेत सरस आणि शिसवीचा भुसा भरला. फळ्या बसवल्या, मान बसवली, पॉलिश चढवलं. पेटीही चालू राहिली, पण मला कुणी परत कोपऱ्यात उभं केलं नाही. अवघड लाकूड आणि दुरुस्तीचे तुकडे माझ्याकडे आले, आणि गुरुवारी तर मीच एकटी कामावर असायचे. पट्ट्यांना पुन्हा हळदीचं बोट लागू लागलं, पेटीत जाणाऱ्यांनाही.

मैत्री निघायच्या आदल्या आठवड्यात वडिलांबरोबर आली. जीन्स, पाठीला लॅपटॉपची बॅग, डोळ्यांत झोप. गिटार पाहिली आणि ती जागी झाली.

"काकू, ऑसम झालीये! बाबा, हे रिअली आपलं कपाट आहे?" तिने कडेवरून हात फिरवला आणि कमरेपाशी थांबली. "इथे हाताला काहीतरी लागतंय. एक लाट आल्यासारखी."

नागोराव घाबरले. अभय सर शांतपणे म्हणाले, "तिथे लाकडाने मत बदललंय. राहू दे ते तसंच."

मैत्री हसली. स्टुलावर बसून तिने गिटार मांडीवर घेतली आणि वाजवायला हात उचलला.

"थांब," अभय सर म्हणाले. "पहिला आवाज तुझा नाही." ते मुक्ताईंकडे वळले. "आपण वाजवा."

"मी?" मुक्ताई दचकल्या. "अवो सर, मले कुठं वाजवता येते!"

"मलाही येत नाही. पण मी काही वाकवली नाही ती."

मुक्ताईंनी नागोरावांकडे पाहिलं. नागोरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "एवढ्या वर्षांत मले कधी सुचलंच नाही," ते म्हणाले. या वर्कशॉपातून गेलेल्या कितीतरी गिटारींचं अंग या बाईने वळवलं होतं. तारा चढल्यावर मात्र त्यांतली एकही तिच्या हातात आली नव्हती. मुक्ताईंच्या वाट्याला गिटार यायची ती ओल्या लाकडाची आणि मुकी.

मैत्री उठली. मुक्ताईंनी पदराला हात पुसले, दोनदा पुसले, आणि स्टुलावर बसल्या. सूप धरावं तशी त्यांनी गिटार मांडीवर धरली. मैत्रीने त्यांचा अंगठा वरच्या तारेवर नेऊन ठेवला. भाजल्याचे डाग होते त्यावर, नवे आणि जुने. मुक्ताईंनी तो अंगठा एकदाच, हळू, सगळ्या तारांवरून खाली ओढला.

आवाज खोलीभर पसरला, पत्र्याच्या छपराला लागून परत आला आणि थरथरत विझला. मुक्ताई मान तिरकी करून ऐकत राहिल्या. मग त्यांनी गिटारीच्या कमरेवर, त्या लाटेवर, तळवा ठेवला.

"हा आवाज माह्या हातचा होय?" त्यांनी विचारलं.

"हो," अभय सर म्हणाले.

त्यांनी पुन्हा अंगठा ओढला. मग पुन्हा. मैत्रीला घाई होती, तिला अजून खरेदी करायची होती, पण ती गिटार मागेना. तीही भिंतीला टेकून ऐकत उभी राहिली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असं मी तुम्हाला सांगणार होते. जपाच. पण मी तांब्याची आहे, मला छत्र्यांमध्येही दिवस काढता येतात. माझं मागणं निराळं आहे. तुमच्या घरात, गल्लीत कुणी ना कुणी रोज काहीतरी घडवत असेल. कुणी तुमच्यासाठी स्वेटर विणत असेल, कुणी दुसऱ्यांच्या सायकली नीट करत असेल, कुणी सगळ्यांना वाढून शेवटी जेवत असेल. त्या माणसाने केलेली वस्तू उचलून पळण्याआधी, एकदा ती त्याच्याच हातात द्या. आणि त्याचं ऐकून होईपर्यंत थांबा.